काढलेले अहो

मुलांना बोलायला शिकवणारा एक हत्ती करायला किती वेळ लागावा? माझा अंदाज एका रविवारच्या दुपारचा होता. लागले साडेचार महिने, आणि शेवटी जे तयार झालं त्याची नोंद सरकारी कागदावर ‘प्राणी’ या रकान्यात झाली नाही. ती ‘इतर’मध्ये झाली.

हे सगळं मी बालशिक्षणाच्या तळमळीपोटी केलं, असं आमचे शेजारी हरकतराव लोकांना सांगत फिरतात. साफ खोटं आहे. माझी नात मला हाक मारत नव्हती, म्हणून मी हत्ती केला. नात तेव्हा सव्वादोन वर्षांची. दिसेल त्या वस्तूला बोटानं टिचकी मारून बघते, म्हणून घरात तिचं नाव टिचकी. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवर जातात, त्यामुळे ती सकाळी बालवाडीत आणि दुपारपासून आमच्याकडे असते. या टिचकीच्या तोंडात एकूण एकोणीस शब्द होते. मी मोजले होते. त्यात आई, बाबा, आजी होते. कुकरला ‘शित्ती’ होतं. समोरच्या गच्चीवरच्या मांजराला तर एक सोडून दोन नावं होती. मला काहीही नव्हतं. काही हवं असलं की ती माझा शर्ट ओढायची आणि काम झालं की चालू पडायची. कचेरीतल्या टेबलावरची घंटी वाजवतात, पण तिला नावानं कुणी हाक मारत नाही, तसं माझं झालं होतं.

“बोलेल हो. मुलं आपापल्या वेळेनं बोलतात,” बायको म्हणायची. जिला ‘आजी’ मिळून चुकलंय, तिला असा धीर द्यायला काय जातं?

त्यातच जावयानं एक बोलती गाय आणली. पोट दाबलं की ती कुठल्याशा परक्या भाषेत गाणं म्हणायची आणि शेवटी ‘वेरी गुड’ म्हणायची. टिचकी माझ्या चष्म्यावर बसली तरी वेरी गुड. मी नुसतं आत काय आहे ते बघावं म्हणून तिचे स्क्रू काढले. परत बसवले तेव्हा दोन उरले आणि गाय कायमची मुकी झाली.

“बाबा, तुम्ही हात लावलात ना?” मुलीनं विचारलं.

“अगं, मालच फालतू होता. मी करून देतो याच्यापेक्षा चांगलं. आपल्या भाषेत बोलणारं.”

बोलून गेलो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी ‘मी करून देतो’ या तीन शब्दांतून निघालेल्या आहेत. लग्नाची बोलणी त्यातच आली.

पण या आत्मविश्वासाला आधार होता. मी एकतीस वर्षं लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कंपनीत काढली. लिफ्टमध्ये ‘तिसरा मजला’, ‘दार बंद होत आहे’ असं सांगणारी जी बाई असते, ती एका तळहाताएवढ्या सर्किटात बसलेली असते. आमच्या कंपनीच्या लिफ्टमधली बाई म्हणजे माझी बायको. सव्वीस वर्षांपूर्वी कंपनीला आवाज हवा होता आणि मी ‘करून देतो’ म्हणालो होतो. तेव्हापासून मी शहरात बँकेत जावो की दवाखान्यात, ती मला दारापासून दूर व्हायला सांगते. इतर नवरे घराबाहेर पडून जो मोकळा श्वास घेतात, तो मला फक्त जिन्यात घेता आला. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं मला एक घड्याळ दिलं, आणि जुनी बोलकी सर्किटं भंगारात जाणार होती ती घरी न्यायची परवानगी दिली. तीच मी हत्तीत बसवणार होतो.

योजना अशी होती. हत्तीच्या पोटावर आठ बटणं, एकेका बटणावर आळीपाळीनं वाजणारी दहा-दहा वाक्यं. एक दाबलं की ‘हे नाक’, दुसरं दाबलं की ‘हा चेंडू’, वगैरे. लिफ्टमध्ये वजन मोजायला असतं तसलं एक यंत्र पाठीत. मुलानं हत्तीला मिठी मारली की ते ओळखणार आणि हत्ती प्रेमानं म्हणणार, “आजोबांना हाक मार बरं. आ-जो-बा.” आराखड्यात या शेवटच्या भागाला मी ‘कुटुंबपरिचय’ असं नाव दिलं होतं. माणसानं स्वार्थ साधावा, पण त्याला मथळा बरा द्यावा.

हरकतराव शेजारच्या दारात राहतात आणि त्यांचं प्रत्येक वाक्य ‘माझी काही हरकत नाही, पण’ असं सुरू होतं. टेबलावरची तारांची जुडी बघून ते म्हणाले, “माझी काही हरकत नाही, पण हत्तीच का? ससा करा. लहान असतो. चुकला तरी थोडकाच चुकेल.”

वरच्या मजल्यावरच्या शुद्धलेखनबाई, म्हणजे भाषा शिकवण्यात हयात घालवलेल्या निवृत्त शिक्षिका, त्याही आल्या. त्यांनी वस्तूंऐवजी मुळाक्षरं घ्या म्हणून आग्रह धरला आणि मग स्वतःच ‘ण’पाशी अडकल्या. “‘ण’नं सुरू होणारा शब्दच नाही आपल्याकडे. पिढ्यान्‌पिढ्या ‘ण बाणाचा’ म्हणतो आणि मुलाला ऐकवतो ‘ब’! ही फसवणूक आहे.”

“माझी काही हरकत नाही, पण मग ‘ण’ काढूनच टाका,” हरकतराव म्हणाले.

“असं? ‘आपण’मधला ‘ण’ काढून बघा काय उरतं ते!”

हरकतराव खरोखर काढून बघू लागले. दीड तास आमच्या दिवाणखान्यात ‘ण’ असावा की नसावा यावर चर्चा झाली, तीनदा चहा झाला, आणि शेवटी मुळाक्षरंच रद्द झाली. मी मूळ मुक्कामावर सुखरूप परतलो.

हत्तीचं कातडं शिवायला कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो. तो म्हणाला, “साहेब, मी माणसांचे कपडे शिवतो. हत्तीचं माप कसं घेऊ?” मी म्हटलं, “माझं घ्या आणि लहान करा.” आठ दिवसांनी राखाडी कापडाचा सुबक हत्ती मिळाला. त्याला कॉलर होती आणि छातीवर एक खिसा होता. “हात थांबत नाही हो,” शिंपी ओशाळून म्हणाला. खिसा चांगला शिवला होता, म्हणून मी काढायला लावला नाही.

मग आवाज भरायचा दिवस आला. घरात सगळ्यात शांत जागा म्हणजे कपड्यांचं कपाट. त्यात मी बायकोला टांगलेल्या कोटांच्या मध्ये उभं केलं आणि हातात माईक दिला.

“कुणाशी बोलायचं?” तिनं विचारलं.

“कुणाशी नाही. नुसतं बोल.”

“नुसतं कसं बोलू? वेड लागलंय का मला? तुम्ही समोर उभे राहा.”

मी समोर उभा राहिलो. इथेच घात झाला. मी समोर उभा आहे आणि बायको बोलते आहे, अशा वेळी गेली चौतीस वर्षं तिच्या वाक्याची सुरुवात एकाच शब्दानं होते.

“अहो, हे नाक,” ती म्हणाली.

“अगं, ‘अहो’ नको. लहान मुलांसाठी आहे.”

“बरं. ... अहो, हे नाक.”

“पुन्हा आलं.”

“आलं का? मला कळलंच नाही. अहो, तुम्ही असं तोंड करून बघू नका ना, मग येतं ते.”

मी पाठ करून उभा राहिलो तर ‘अहो’ आणखी मोठ्यानं येऊ लागलं, कारण आता ते पाठीला ऐकवायचं होतं. चौऱ्याऐंशी वाक्यं झाली आणि चौऱ्याऐंशींच्या चौऱ्याऐंशी वाक्यांना पुढे एकेक ‘अहो’ लागलेला. मिठीच्या वाक्यालासुद्धा. “अहो, आजोबांना हाक मार बरं.” शुद्धलेखनबाईंनी हे ऐकून खाली बसून पाणी मागितलं.

म्हटलं, हरकत नाही, कापून काढू. मुलीनं कॉम्प्युटरवर आवाज कापायला शिकवलं आणि मी कानाला हेडफोन लावून बसलो. एकेक ‘अहो’ वाक्यापासून सोडवायचा आणि बाजूला ठेवायचा. चार दुपारी लागल्या. आणि एक गोष्ट सांगतो, हसू नका. चौतीस वर्षं मला वाटत होतं की ‘अहो’ हा एक शब्द आहे. तो एक नाही. कोट टोचत होता तेव्हाचा निराळा, मला हसू आलं तेव्हाचा निराळा, दुधाची आठवण झाली तेव्हाचा निराळा. एक नुसता थकलेला होता. त्र्याहत्तरावा फारच गोड निघाला. तो मी कामाच्या निमित्तानं सहा वेळा ऐकला. इतकी वर्षं ती मला हे सगळं म्हणत होती आणि मी पेपर वाचत होतो.

असो. कापून झाल्यावर मी दोन फोल्डर केले. एकात ‘अहो’ काढून टाकलेली वाक्यं, त्याला नाव दिलं ‘अहो काढलेले’. दुसऱ्यात वाक्यांतून काढलेले ‘अहो’, त्याला नाव दिलं ‘काढलेले अहो’. माझ्या दृष्टीनं यापेक्षा स्पष्ट नाव असू शकत नव्हतं.

आता सरकारी भाग. आमची टिचकी जाते त्या बालवाडीच्या ताईंना हत्ती आवडला, पण त्या म्हणाल्या, “आजोबा, बॅटरीवरचं खेळणं वर्गात घ्यायचं तर खेळणी तपासणी कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं.” (बघा, ताई आजोबा म्हणतात. भाजीवाला म्हणतो. बसमध्ये परकी माणसं म्हणतात. नेमकं जिनं म्हणायचं ती सोडून सारं गाव म्हणतं.)

खेळणी तपासणी कार्यालयात एक अत्यंत सभ्य तपासनीस होते. त्यांच्या टेबलावर फूटपट्टी होती आणि भिंतीवर, लहान मूल काय काय गिळू शकतं याची रंगीत चित्रं होती. त्यात एक छत्रीही होती.

“हा कोण?” त्यांनी विचारलं.

“हत्ती.”

त्यांनी फूटपट्टी लावली. “सोंड एकवीस सेंटिमीटर. शरीराबाहेर आलेला भाग सहापेक्षा जास्त चालत नाही.”

“साहेब, सहा सेंटिमीटरची सोंड असली तर त्याला हत्ती कसं म्हणायचं?”

“म्हणू नका,” ते शांतपणे म्हणाले. “उरलेली पंधरा सेंटिमीटर तुम्ही स्वतंत्र खेळणं म्हणून आणू शकता. फक्त मग तिला हत्ती जोडता येणार नाही.”

मी नियमांचं पुस्तक मागणार, एवढ्यात पिशवीतून माझ्या बायकोचा आवाज आला: “घाबरू नका. मदत येत आहे.”

सगळी कचेरी थांबली. झालं होतं असं, की या सर्किटांतल्या सुरक्षेच्या सूचना पुसता येत नाहीत. तो नियम कंपनीत माझ्याच आग्रहानं झाला होता. बॅटरी उतरली की सर्किटाला वाटतं लिफ्ट मधेच अडकली आहे, आणि ते धीर देऊ लागतं. मी हे तपासनिसांना समजावून सांगत होतो तेवढ्यात हत्तीनं आणखी दोनदा धीर दिला. शेजारच्या टेबलावरचे कारकून फायलींच्या ढिगाआडून हळूच म्हणाले, “अकरा वर्षांत या टेबलाशी असं कुणी बोललं नव्हतं.”

ठरलं असं, की सोंड आखूड करायची आणि पुढच्या आठवड्यात तपासनीस बालवाडीत येऊन प्रत्यक्ष चाचणी घेणार. खेळण्यामुळे मुलं निदान एक नवा शब्द शिकली, तरच ते शैक्षणिक. नाहीतर ते नुसतं खेळणं, आणि नुसत्या खेळण्याचा अर्ज निळ्या कागदावर करावा लागतो. माझा पिवळ्यावर होता.

घरी येऊन मी जड हातांनी सोंड कापली. पण माझा स्पीकर सोंडेत होता. तो आता बसवायचा कुठे? पोटात बटणं, पाठीत वजनाचं यंत्र, डोक्यात बॅटरी. रिकामी जागा एकच होती. थोडक्यात, हत्ती मागून बोलू लागला.

“माझी काही हरकत नाही,” हरकतराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच ‘पण’ न लावता पुढे बोलले. “माणसंही पाठीमागेच बोलतात.”

स्पीकर हलवताना भरलेले आवाज पुसले गेले, ते नव्यानं भरावे लागले. ते काम मी चाचणीच्या आदल्या दुपारी केलं. कॉम्प्युटर उघडला, फोल्डर निवडला, भरला. लावून ऐकणार होतो, पण टिचकी झोपली होती आणि बायकोनं ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. म्हणून ऐकलं नाही. एकतीस वर्षांत तपासल्याशिवाय लिफ्टमध्ये एक माणूस सोडला नाही असा मी!

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या वर्गात आम्ही मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून चिमुकल्या खुर्च्यांवर बसलो: तपासनीस, ताई, ठेवणीतले कपडे घातलेली माझी बायको, भाषेच्या बाजूनं शुद्धलेखनबाई, आणि न बोलावता हरकतराव. समोर बारा मुलं. बारावी टिचकी, थोडी बाजूला, तोंडात अंगठा घालून.

मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो. खुर्चीही माझ्याबरोबर उठली. ती तशीच ठेवून मी म्हणालो, “बाळांनो, हा हत्ती आता तुम्हाला सांगणार आहे, हे काय आहे!” आणि नाकाचं बटण दाबलं.

“अहो,” हत्ती मागून म्हणाला.

मी दुसरं बटण दाबलं. “अहोऽऽ.” तिसरं. “अ-हो!” हा कोट टोचल्याचा होता. मुलं मात्र आनंदानं चीत्कारत हत्तीच्या मागच्या बाजूला जमली आणि सहा हातांनी बटणं दाबू लागली. थकलेला, रागावलेला, दुधाची आठवण झालेला, असे सगळे ‘अहो’ वर्गभर उडू लागले. मी बायकोकडे बघितलं. ती खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. तेवढ्यात त्र्याहत्तरावा वाजला. हरकतराव खोकले.

विषय बदलावा म्हणून मी ओरडलो, “मिठी मारा! हत्तीला मिठी मारा!”

चार मुलांनी एकदम मिठी मारली. माझी आठवणीनं बसवलेली ‘आ-जो-बा’ची वेळ आली होती. पाठीतल्या यंत्रानं वजन मोजलं आणि बायकोच्या करड्या आवाजात हत्ती म्हणाला, “वजन जास्त झालं आहे. कृपया एकानं बाहेर पडावं.”

एक गुणी मुलगी उठली आणि वर्गाबाहेर निघून गेली. उरलेल्यांत आणखी एक जण घुसला. “कृपया एकानं बाहेर पडावं.” आणखी एक गेलं. ताई त्यांच्या मागे धावल्या. तपासनिसांनी कागदावर ‘शिस्त: उत्तम’ असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मुलं गोळा झाल्यावर त्यांनी चाचणी घेतली. स्वतःच्या नाकाला बोट लावून विचारलं, “बाळांनो, हे काय आहे?”

“अहो!” अकरा मुलं एका सुरात म्हणाली.

“आणि ह्या कोण?” ताईंकडे बोट.

“अहो!”

“नवा शब्द, एक,” तपासनिसांनी लिहिलं. मग पेन थांबवून मला विचारलं, “अर्थ काय लिहू?”

मी कमरेची खुर्ची सोडवण्यात गुंतलो. बायकोनंही मान वर केली नाही. शेवटी शुद्धलेखनबाई म्हणाल्या, “संबोधन लिहा,” आणि ते प्रकरण मिटलं.

अकरा मुलं बोलली होती. बारावी अंगठा चोखत माझ्याकडे बघत राहिली होती. साडेचार महिने ज्या एकीसाठी राबलो, तिनं तोंड उघडलं नाही. घरी जाताना मी हत्ती उलटा धरला होता, हे मला हरकतरावांनी सांगितलं.

घरी शुद्धलेखनबाईंनी दोन्ही फोल्डरांची नावं वाचली आणि कपाळाला हात लावला. “‘अहो काढलेले’ म्हणजे तरी ‘काढलेले अहो’च की हो! कोणते अहो? काढलेले. विशेषण पुढे ठेवा नाहीतर मागे, अर्थ तोच. मी शाळेत तुमचे दहातले सात मार्क कापले असते.”

बाई गेल्यावर बायको आली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हळू बोलली.

“ते माझे तुम्हाला म्हणायचे होते. घरातले. तुम्ही ते चव्हाट्यावर आणलेत.”

“अगं, चुकून...”

“चुकूनच. पण आता मला तो शब्द उच्चारायची लाज वाटते. तोंड उघडलं की ती अकरा पोरं डोळ्यांसमोर येतात. आता नाही मी म्हणणार.”

आणि खरंच, नाही म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं मला नवी हाक सुरू केली. “आजोबा, चहा.” “आजोबा, फोन.” म्हणजे मी ज्यासाठी हत्ती केला तो शब्द मला घरात दिवसातून वीस वेळा मिळू लागला, फक्त भलत्याच माणसाकडून. पहिल्या दिवशी तर तिनं तीनदा हाक मारली आणि मी, कुणाचे आजोबा आलेत म्हणून दाराकडे बघत बसलो.

इकडे बालवाडीत पालकांची रीघ लागली. घराघरांत मुलं बापाला ‘अहो’ म्हणू लागली होती. एक आई म्हणाली, “मी ह्यांना नावानं हाक मारते. आता मुलगा अहो-जाहो करतो, तर ह्यांना वाटतं मीच शिकवलं, आणि ते स्वतःला कुणीतरी समजायला लागलेत.” दुसऱ्या घरात कुत्र्याला अहो म्हणत होते. एक वडील मात्र सगळे गेल्यावर मागे रेंगाळले आणि मुलाच्या तोंडी आलेला तो गोड ‘अहो’, म्हणजे त्र्याहत्तरावा, कुठल्या बटणावर आहे, असं मला विचारून गेले.

हत्ती मी कपाटात, त्याच कोटांच्या मध्ये ठेवून दिला. महिन्यानं प्रमाणपत्र आलं. ‘प्रकार: इतर. शैक्षणिक: होय. शिकवलेले शब्द: एक.’ पिवळ्या कागदावर गोल शिक्का. ते हातात घेऊन मी त्या दुपारी कपाटासमोरच्या स्टुलावर बसलो. टिचकी बाहेरच्या खोलीत ठोकळे रचत होती. मला खरंच वाईट वाटत होतं. एक हाक मिळवायला निघालो आणि होती ती घालवून बसलो. आणि होती त्या हाकेची किंमत मला ती कापताना कळली होती, तरी मी बायकोला ते सांगितलं नव्हतं. कामाच्या गडबडीत राहून गेलं.

“आजोबा, चहा झालाय,” स्वयंपाकघरातून आवाज आला. सरळ, सपाट. लिफ्टमधल्यासारखा.

मी उठलो नाही. कपाटाच्या आतून, कोटांच्या मागून, त्याच बाईचा आवाज आला: “घाबरू नका. मदत येत आहे.” बॅटरी उतरली होती.

“आजोबा!” पुन्हा स्वयंपाकघरातून.

तरी मी बसूनच होतो. या वेळी शर्टाला ओढ बसली नाही, चष्म्याला हात लागला नाही. टिचकी दारात येऊन उभी राहिली. एक हात कमरेवर. मान किंचित वाकडी. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, अंगठा तोंडातून काढला आणि म्हणाली:

“अहो!”

हत्तीचा एकही नव्हता तो. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी मला पाठ आहेत. हा चहा-गार-होतोय-चा होता, जो कपाटात कधी भरलाच नव्हता. तो तिनं हत्तीकडून घेतला नव्हता. दोन वर्षं आमच्याच स्वयंपाकघरात, ठोकळे रचता रचता ऐकला होता. म्हणजे माझं नाव तिला केव्हापासून माहीत होतं. आजी ज्याला ‘अहो’ म्हणते तो मी, एवढं साधं. फक्त ते नाव तिच्या घरातून कुणीतरी काढून टाकलं होतं, म्हणून ते परत जागेवर ठेवायला ती आली होती.

“आलो, आलो,” मी म्हणालो आणि ताडकन उठलो. प्रमाणपत्र खाली पडलं, त्यावर टिचकी उभी राहिली.

बायको दाराशी आली होती. तिनं टिचकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि महिन्याभराचं हसू तिला आवरेना.

“एका हाकेला उठलात!” ती म्हणाली. “चौतीस वर्षांत माझ्या एका हाकेला कधी उठला नाहीत. पेपर खाली ठेवायला चार लागायच्या. आणि आता बघा कसे... अहो, रडताय काय!”

तिनं जीभ चावली, पण ते बाहेर पडलं होतं. हा पंच्याऐंशीवा. हा मी कुठल्याही फोल्डरमध्ये ठेवलेला नाही.